घरातलं टेन्शन कुणाला सांगायचं? ‘मदत मागणं’ कसं मोजतात आणि मी घरी काय चूक केली



पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, “ताई, मानसिक आरोग्यावर विषय घ्यायचाय, पण त्यात मोजायचं काय?” आज त्याचं उत्तर एका उदाहरणावरून देते. उदाहरण माझ्याच घरातलं आहे आणि त्यात चूकही माझीच आहे. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या वहिनीला आधी सगळं वाचून दाखवलं, तिची परवानगी घेतली आणि दोन-तीन तपशील तिच्या सांगण्यावरून बदलले. हेही संशोधनाचाच भाग आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

आमचं घर कशेळीत. ठाण्याहून बाळकुम सोडून खाडीवरचा पूल ओलांडला की आमचं गाव लागतं. घरात आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांची तीन वर्षांची मुलगी आणि मी. दादा गोदामात शिफ्टवर. मी एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं आणि आता पीएच.डी.साठी प्रश्नावल्यांच्या मोजमापावर काम करते. म्हणजे एखादी प्रश्नावली जे मोजते असं म्हणते, ते खरंच मोजते का, हे तपासायचं.

एका संध्याकाळी वहिनी तांदळाची भाकरी थापता थापता म्हणाली, “ताई, मला हल्ली काही गोडच लागत नाही. पोरीवर उगाच ओरडते, मग रात्री झोप लागत नाही.”

मी काय करावं? मोबाईलमधून पीएचक्यू-९ काढली आणि विचारायला सुरुवात केली. “गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कामात रस वाटला नाही? किती दिवस उदास वाटलं?”

बाहेरच्या खोलीत आई भाजी निवडत होती. वहिनीने एकदा तिकडे बघितलं आणि पटापट उत्तरं दिली. “नाही. नाही. कधीतरी. नाही.” एकूण स्कोअर आला ३. मी म्हटलं, “अगं, नॉर्मल आहे.” ती म्हणाली, “झाली का परीक्षा?” आणि भाकरी तव्यावर टाकली. पुढचे दोन महिने ती या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आता या ३ चा अर्थ काय लावायचा? त्यासाठी थोडी थिअरी बघू.

आधी व्याख्या

‘हेल्प-सीकिंग’ला मराठीत आपण ‘मदत मागणं’ म्हणू. वाचताना सोपं वाटतं, पण यात चार वेगळ्या गोष्टी असतात. आपल्याला त्रास होतोय हे स्वतःला कळणं. तो शब्दांत मांडता येणं. कुणाला सांगायचं ते ठरवणं. आणि प्रत्यक्ष जाऊन सांगणं. प्रपोजलमध्ये ‘मदत मागण्याचं प्रमाण अभ्यासणार’ एवढंच लिहिलं तर यातलं काय मोजणार, हा गाईडचा पहिला प्रश्न असेल.

दुसरा फरक इराद्याचा आणि वागण्याचा. “तुम्हाला त्रास झाला तर डॉक्टरांकडे जाल का?” याला ‘हो’ म्हणणारे सगळे जात नाहीत. इरादा प्रश्नावलीने मोजता येतो. वागणं मोजायचं तर गेल्या काही महिन्यांत नेमकं काय केलं, कुणाकडे पहिल्यांदा गेलात, हे विचारावं लागतं. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नका.

गाळण्यांची कल्पना

या विषयात प्रत्येकाने वाचायलाच हवं असं एक जुनं मॉडेल आहे. इंग्लंडमधले डेव्हिड गोल्डबर्ग आणि पीटर हक्सली यांनी १९८० मध्ये ते मांडलं. पाच पातळ्या आणि त्यांच्यामध्ये चार गाळण्या. त्यांचा हिशोब साधारण असा : समाजातल्या १,००० माणसांपैकी वर्षभरात २५० जणांना मानसिक त्रास होतो. त्यातले २३० कुठल्यातरी कारणाने आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातात. पण त्यांना मानसिक त्रास आहे हे डॉक्टरच्या लक्षात येतं फक्त १४० जणांच्या बाबतीत. मानसोपचार सेवेपर्यंत पोचतात १७. रुग्णालयात दाखल होतात ६.

म्हणजे हॉस्पिटलच्या रजिस्टरवर रिसर्च करणारा माणूस २५० पैकी ६ जणांकडे बघून निष्कर्ष काढत असतो. सॅम्पल कुठल्या गाळणीच्या खालून घेतलंय हे लिहिलं नाही, तर तुमचा निष्कर्ष कुणाला लागू होतो हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

पण हे मॉडेल त्या काळच्या इंग्लंडचं आहे. तिथे प्रत्येकाचा एक ठरलेला डॉक्टर, त्यामुळे पहिल्या गाळणीतून जवळजवळ सगळे पार होतात. आपल्याकडे मला त्याच्याही आधी एक गाळणी दिसते, ती म्हणजे घर. वहिनीचंच घ्या. माहेरी सांगितलं तर आई-वडील काळजी करणार. सासूला सांगितलं तर ती तक्रार वाटणार. नवऱ्याला सांगावं तर तो रात्रपाळी करून झोपलेला. शेजारणीला सांगितलं तर ‘घरातलं बाहेर गेलं’. उरली नणंद, आणि नणंदेने काढली प्रश्नावली!

आपल्याकडचे आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

भारतातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत ते केलं. प्रौढांपैकी १०.६% लोकांना सर्वेक्षणाच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. नैराश्य, चिंता यांसारख्या सामान्य मानसिक आजारांत ‘ट्रीटमेंट गॅप’ सुमारे ८५% निघाली. म्हणजे आजार असलेल्या १०० पैकी साधारण ८५ जण उपचाराविना.

हा आकडा वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ‘महाराष्ट्रात ८५% लोक उपचाराविना’ असं बिनधास्त लिहिलेले प्रबंध मी वाचलेत. व्हायवात कुणी विचारलं तर उत्तर काय देणार? दोन, ही टक्केवारी फक्त आजाराच्या निकषात बसणाऱ्यांची आहे. वहिनीसारखी माणसं, ज्यांची झोप उडालीय, चिडचीड होतेय, पण घर चालू आहे, ती या हिशोबात येतीलच असं नाही. रोजचा त्रास आणि आजार यांच्यामधला पट्टा मोठा असतो. घरातले सल्ले बहुतेक या पट्ट्यातच मागितले जातात आणि आपला डेटा इथेच सगळ्यात कमी आहे. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

‘टेन्शन’ हा शब्द हलका नाही

आमच्या गावात ‘मला डिप्रेशन आलंय’ असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, ‘टेन्शन आहे’, ‘डोकं जड झालंय’, ‘जिवाला बरं वाटत नाही’, ‘अंगात ताकदच नाही’. डॉक्टरकडे गेल्यावर हेच सांगतात आणि टॉनिक घेऊन परत येतात. गोल्डबर्ग-हक्सलींची दुसरी गाळणी ती हीच.

मानववंशशास्त्रज्ञ लेस्ली जो वीव्हर यांनी उत्तर भारतातल्या स्त्रियांमध्ये ‘टेन्शन’ या शब्दाचाच अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते टेन्शन हा त्रास व्यक्त करण्याचा एक पूर्ण प्रकार आहे, त्याची स्वतःची कारणं आणि लक्षणं लोक सांगतात. म्हणून प्रश्नावलीचा नुसता शब्दशः अनुवाद पुरत नाही. आधी दहा-पंधरा जणांशी मोकळं बोलायचं, त्यांचे शब्द टिपायचे, मग प्रश्न लिहायचे.

आमच्याकडे आणखी एक स्थानिक भानगड आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. त्यामुळे आमच्या पट्ट्यात कुणी जरा वेगळं वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा ठरलेली. ठाणं आम्हाला बाजारासाठी, कॉलेजसाठी, नोकरीसाठी रोजचं. पण ‘मनाच्या डॉक्टरसाठी ठाण्याला जाऊ’ म्हटलं की माणूस दचकतो. खरं तर त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी आय.पी.एच. ही संस्था सुरू केली आणि साध्या रोजच्या अडचणींसाठीही समुपदेशकाकडे जाता येतं, हे कितीतरी मराठी घरांपर्यंत पोचवलं. चेष्टा मात्र अजून चालूच आहे. कलंक म्हणजेच स्टिग्मा मोजताना परदेशी स्केल जरूर घ्या, पण गावातली चेष्टा काय आहे ती आधी ऐका.

ऐकणारा कोण असावा? गोव्यातले दोन प्रयोग

आता मुद्द्याचा प्रश्न. सल्ला देणारा डॉक्टरच हवा का? यावर जगभर उद्धृत होणारं काम आपल्या शेजारी, गोव्यात झालं. ‘संगथ’ ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक.

पहिला प्रयोग ‘मानस’, म्हणजे कोकणीत ‘मनशांती सुधार शोध’. २४ दवाखाने निवडले. १२ सरकारी, १२ खाजगी. निम्म्या दवाखान्यांत आरोग्य क्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन बसवलं, उरलेल्यांत नेहमीचेच उपचार. निकाल २०१० मध्ये आला. सरकारी केंद्रांत, समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी ६५.९% रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणी ४२.५%. खाजगी दवाखान्यांत मात्र जवळपास काहीच फरक नाही. ६४.१% आणि ६५.९%.

इथे थांबा आणि पुन्हा वाचा. खाजगी दवाखान्यांत समुपदेशक कुचकामी ठरले असं म्हणायचं का? तुलनेच्या गटाचा आकडा बघा. तिथे समुपदेशक नसतानाही ६५.९% बरे झाले. म्हणजे वाढायला जागाच कमी होती. एक शक्यता अशी की, वर्षानुवर्षं ओळखीचा डॉक्टर आधीच थोडंफार ऐकून घेत असावा. ही शक्यता आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण फरक दिसला नाही की आधी तुलनेचा गट बघायचा, ही सवय आतापासून लावून घ्या.

दुसरा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण. चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडले. एका गटाला प्रशिक्षित सामान्य माणसाशी सहा ते आठ भेटी. त्यात मुख्य काम एकच : मन खट्टू झालं की आपण आवडीच्या गोष्टी सोडतो, त्या सोडल्या की मन आणखी खट्टू होतं. हे चक्र छोट्या-छोट्या कामांनी उलटं फिरवायचं. तीन महिन्यांनी पहिल्या गटात ६४% जणांचा पीएचक्यू-९ स्कोअर १० च्या खाली आला, दुसऱ्या गटात ३९%.

महाराष्ट्रातलंही एक नाव टिपून ठेवा : ‘आत्मीयता’. पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयातल्या केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत हे काम केलं. गावातल्याच, लोक आधीपासून ज्यांच्याकडे मन मोकळं करतात अशा माणसांना शिकवून तयार केलं. कुणी ऐकायचं, कधी पुढे पाठवायचं, हे त्यांना समजावलं.

या सगळ्यांत समान काय? ऐकणारा माणूस जवळचा आहे, पण घरातला नाही. त्याला शिकवलेलं आहे. त्याच्यावर देखरेख आहे. आणि आपलं बोलणं घरी जाणार नाही याची खात्री आहे. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माझ्याकडे यातलं काय होतं? फक्त ‘जवळची’ एवढंच.

माझा ३ का चुकला

पीएचक्यू-९ वाईट नाही. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, कमाल २७. १० किंवा जास्त आले तर पुढे तपासणी करावी असं मानतात. हे लक्षात घ्या की ती चाळणी आहे, निदान नाही.

पण कुठलीही प्रश्नावली वैध ठरते ती ठरावीक परिस्थितीत. विचारणारा कोण, ऐकू कुणाला जातंय, उत्तराचं पुढे काय होणार, हे सगळं मोजमापात शिरतं. विचारणारी नणंद आणि पलीकडे सासू असेल तर उत्तर ‘नाही’च येणार. याला आपण सामाजिक स्वीकारार्हतेचा पूर्वग्रह म्हणतो, म्हणजे चारचौघांत शोभेल तेच उत्तर देणं. मी हे एम.एस्सी.ला शिकले होते. तरी स्कोअर ३ आल्यावर मलाच हायसं वाटलं, हे कबूल करते. आकडा मला हवा तसा आला म्हणून मी तो तपासला नाही.

शिवाय नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल असतो. समोरच्याने ‘हो’ म्हटलं तर त्या क्षणी काय करायचं, हे माझ्याकडे ठरलेलं नव्हतं. ते ठरल्याशिवाय हा प्रश्न विचारायचा नसतो. नीतिसमिती तुम्हाला हेच विचारेल, आणि बरोबरच विचारेल.

आणखी एक साधन : जनरल हेल्प-सीकिंग क्वेश्चनेअर, ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये मांडलेलं. जोडीदार, मित्र, पालक, इतर नातेवाईक, डॉक्टर, हेल्पलाईन, धर्मगुरू अशी यादी असते आणि प्रत्येकाकडे जाण्याची शक्यता १ ते ७ मध्ये सांगायची. चांगलं साधन आहे. पण आपल्याकडे ‘इतर नातेवाईक’ या एका ओळीत सासू, जाऊ, नणंद, मावशी, मामा सगळे कोंबले जातात. मावशीला सांगणं आणि जावेला सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे! ही ओळ फोडून, पायलट घेऊन, मग वैधता तपासणं हा एखाद्या पीएच.डी.चा नीट, आटोपशीर प्रश्न होऊ शकतो.

मग घरी काय झालं

दोन महिन्यांनी एका रात्री लाईट गेली होती. आई, वहिनी, मी ओट्यावर बसलो होतो. आई सहज बोलायला लागली. दादा लहान असताना तिलाही असंच व्हायचं. रडू यायचं, कारण सांगता यायचं नाही. मी विचारलं, “मग तू कुणाला सांगायचीस?” ती म्हणाली, “पाण्याला जायचो ना आम्ही. तिथं दोघी-तिघी असायच्या. हंडा भरेपर्यंत बोलायचं. आता नळ घरात आला, जायचं कुठं?”

वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, मला पण हल्ली तसंच होतं.” मी या वेळी काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात आई तिला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी समुपदेशकाचंही सुचवलं. ‘ठाण्याला’ म्हटल्यावर वहिनी नको म्हणाली. मग तिने गच्चीवर जाऊन १४४१६ ला फोन केला. ही सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासूनची, फोन मोफत, मराठीत बोलता येतं. काय बोलली ते मी विचारलं नाही. महिनाभराने ती स्वतःहून ठाण्याला जाऊन आली. दादाची शिफ्ट बदललेली नाही, कर्जाचा हप्ता तोच आहे. पण रविवारी सकाळी दोन तास मुलगी त्याच्याकडे असते आणि वहिनी मैत्रिणीकडे जाते. झोप बरी आहे म्हणते. एका घराचा हा अनुभव आहे, यावरून मी नियम काढणार नाही.

प्रपोजल लिहिताना

१. इरादा मोजताय की वागणं, पहिल्याच पानावर लिहा.
२. सॅम्पल कुठल्या गाळणीच्या वरचं किंवा खालचं, ते सांगा.
३. मुलाखत कुठे घेणार? घरात एकांत मिळतो का, ते पायलटमध्येच बघा.
४. लोकांचे शब्द आधी गोळा करा, स्केल नंतर.
५. कुणी जिवाला धोका असल्याचं सांगितलं तर कुणाला, कधी कळवायचं, हे लेखी ठरवा.
६. आपल्या घरच्यांना सॅम्पल करू नका. त्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून त्यांची संमती खरी संमती नसते.

आणि घरी? घरी कुणी ‘गोड लागत नाही’ म्हणालं तर प्रश्नावली बाजूला ठेवा, हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. त्रास दोन आठवड्यांच्या वर टिकला, खाणं-झोप बिघडली, तर सोबत डॉक्टरकडे जा. कुणी जगण्यात अर्थ नाही असं म्हणालं तर मात्र वाट बघू नका. माणसाला एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात न्या.

हे तुमच्यासाठीही आहे बरं का. गाईडचा मेल येत नाही, फेलोशिप अडकलीय, घरचे लग्नाचं विचारतायत, आणि ‘मला काही होत नाही’ असं आपण म्हणत राहतो. तुमचा स्कोअर काढायला कुणी येणार नाही. म्हणून ज्याच्याशी पाणी भरता भरता बोलता येईल असा एक माणूस आधीच ठरवून ठेवा.

पुढच्या लेखात प्रश्नावलीचा अनुवाद आणि उलट-अनुवाद कसा करतात ते बघू. वहिनीने हा लेख ऐकून एकच दुरुस्ती सांगितली : “त्या दिवशी भाकरी करपली होती, ते पण लिही.” लिहिलं.